दार वाजवणारा तो कोण? (प्रीस्टलीचा इन्स्पेक्टर नागपुरात आणताना)

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतो.

आमचा अकरा जणांचा हौशी ग्रुप आहे. सात जण स्टेजवर, उरलेले चौघं लाइट, चहा आणि भांडणं सांभाळतात. यंदा राज्य नाट्य स्पर्धेला जे. बी. प्रीस्टलीचं 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' मराठीत करायचं ठरलंय. रूपांतर माझ्या गळ्यात. (हक्कांचा पत्रव्यवहार चालू आहे, त्यावरून कुणी सुरू होऊ नका.)

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९१२ सालची संध्याकाळ, इंग्लंडातलं ब्रमली नावाचं कल्पित गिरणगाव. कारखानदार आर्थर बर्लिंगच्या घरी मुलीच्या, म्हणजे शीलाच्या साखरपुड्याची मेजवानी. बर्लिंगसाहेब खुशीत. युद्धबिद्ध काही होत नाही म्हणतात, टायटॅनिक बुडूच शकत नाही म्हणतात. मग पोरांना उपदेश, की माणसानं आपलं आपण पाहावं, आपल्या घरच्यांचं पाहावं, बास. हे वाक्य पुरतं व्हायच्या आत दारावरची घंटा वाजते. इन्स्पेक्टर गूल आलेला असतो. एवा स्मिथ नावाची पोरगी जंतुनाशक पिऊन मेली, त्याची चौकशी.

पुढे कळत जातं की घरातल्या प्रत्येकानं तिला एकेक पायरी खाली ढकललंय. बापानं कामावरून काढलं, कारण आठवड्याला साडेबावीस शिलिंगांचे पंचवीस मागायला ती पुढे झाली होती. शीलानं रागाच्या भरात तिला दुकानातल्या नोकरीवरून घालवलं. होणाऱ्या जावयानं ठेवलं आणि सोडलं. बर्लिंगच्या मुलामुळे ती गरोदर राहिली. आणि मदत मागायला संस्थेच्या दारी गेली तर तिथे खुर्चीवर आई! इन्स्पेक्टर शेवटी एक भाषण करून निघून जातो. मागाहून चौकशी केली तर असा कुणी इन्स्पेक्टर पोलिसात नाहीच. सगळे सुटल्यासारखे हसतात आणि फोन वाजतो: एक मुलगी दवाखान्यात नेताना मेली, चौकशीला एक इन्स्पेक्टर तुमच्याकडे निघालाय.

आता माझी अडचण. गूलचं काम करणारे आमचे काका निवृत्त टीसी आहेत. आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारलाय, तोही आवाज न चढवता. चौकशीचे प्रवेश ते असे करतात की समोरचा नट खिसे चाचपायला लागतो. पण शेवटचं भाषण आलं की काका एकदम पंधरा ऑगस्टचे प्रमुख पाहुणे होतात. लाखो एवा स्मिथ अजून आहेत, आपण सगळे एका देहाचे अवयव आहोत, माणसं हे शिकली नाहीत तर आग आणि रक्तातून शिकतील, असा तो मजकूर. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं ते हेच, मान्य. पण ते ऐकताना मला खुर्चीतच अवघडायला होतं.

काकांचा मला रोजचा प्रश्न: "मी आहे तरी कोण? पोलीस नाही, भूत नाही, मग बसू कसा, उभा कसा राहू?" मी सांगितलं, तुम्ही बाहेरचे आहात. ते म्हणाले, "बाहेरचा म्हणजे कुठचा?"

सांगा बाप्पा, काय सांगू त्यांना?

वाचनवेडी
मस्त विषय! 'गूल' हे नाव कानाला इंग्रजी 'घूल'सारखं लागतं, म्हणजे पिशाच्च, हे सगळेच सांगतात. पण प्रीस्टली यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डचा, लोकरीच्या गिरण्यांच्या गावचा. त्याच यॉर्कशायरात गूल नावाचं एक बंदरही आहे. म्हणजे नाव एका अंगानं भुताचं आणि दुसऱ्या अंगानं अगदी शेजारच्या गावचं. काकांना हेच सांगा, ते दोन्ही आहेत.

दुसरं म्हणजे गोगोल. त्याचा 'इन्स्पेक्टर जनरल' १८३६चा, आपल्याकडे पुलंनी त्याचं 'अंमलदार' केलं. तिथे गावात आलेला एक फुटकळ माणूस लोकांना वरून आलेला अधिकारी वाटतो, आणि भीतीपोटी गावातला प्रत्येक भ्रष्ट माणूस आपणहून उघडा पडतो. शेवटी वर्दी येते की खरा अधिकारी आलाय, आणि सगळे जागच्या जागी थिजतात. आता प्रीस्टलीचा शेवट पाहा. तोच पडदा! खोटा जातो, खरा येतोय अशी वर्दी. फरक एवढाच, की गोगोलचा खोटा अधिकारी रिकामा भोपळा आहे, लोक त्याच्यात आपली भीती भरतात. गूल सगळं आधीच जाणून आलाय. दोन्हीकडे बोलतात मात्र घरातलेच. बाहेरचा फक्त समोर बसतो.

म्हणून मला वाटतं, नाटकाचा निरोप भाषणात नाहीच. तो शीलाच्या तोंडी आहे. इन्स्पेक्टर खोटा निघाल्यावर आईबाप हात झटकतात तेव्हा ती म्हणते, तो पोलीस असो नसो, आपण केलं ते केलंच ना?

महालचा_मंग्या
वाचनवेडी ताईंनी रशिया फिरवून आणला. मी तुम्हाले आपल्या नागपूरच्या महाल भागात नेतो.

आमच्या लहानपणी वाड्यावर बहुरूपी यायचा. पोलिसाचा ड्रेस, डोक्यावर टोपी, हातात दंडुका, छातीवर कुठलेतरी बिल्ले. दारात उभा राहून दणक्यात सुरू, तुमच्या नावाचं वॉरंट आहे, मांजरीले दूध नाही दिलं म्हणून कलम अमुक, बायकोवर ओरडले म्हणून कलम तमुक, चला कचेरीत! पोट्टे घाबरून आत पळायचे, मोठे हसायचे. पण एक गोष्ट मले आजही आठवते. एकदा तो आमच्या शेजारच्या काकांले म्हणाला, "भावाचा हिस्सा खाल्ला, कलम चारशे वीस." त्याले काय माहीत, तो तर चाराण्याच्या आशेनं काहीही बडबडत होता. पण काकांचं हसू जे बंद झालं ना भाऊ, सारा वाडा चूप. आजीनं घाईघाईनं सूपभर तांदूळ आणून त्याच्या झोळीत ओतले.

तर तुमच्या काकांले सांगा, तू बहुरूपी आहेस. खोटा पोलीस. खोटं वॉरंट. नेम खरा.

वडसेकर
मंग्याभाऊ 👌 काय आठवण काढली!

तिसरी_घंटा, तुम्ही भाषणाले एवढे काऊन लाजून राहिले? आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्री दहाले नाटक सुरू होते अन् पहाटे संपते. दोन-तीन हजार मानूस मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, रात्री थंडीत शाल पांघरून बसते. त्याले भाषण पाहिजे असते. दारूवर, हुंड्यावर, पोरगी शिकवण्यावर नट पुढे येऊन बोलला की टाळ्या अन् बक्षिसाच्या नोटा. तुमचे शहरातले परीक्षक भाषण ऐकून नाक मुरडते, म्हणून तुम्ही भ्याले. प्रीस्टलीनं नाटक लिहिलं तेव्हा लोक कशातून निघाले होते ते पाहा ना. सहा वर्षं बाँब पडत होते. अशा मानसाले 'आग आणि रक्त' म्हटलं तर तो उपदेश नाही वाटत, आठवण वाटते.

वाचनवेडी
वडसेकर, हे मात्र खरं. नाटक पहिल्यांदा झालं १९४५ मध्ये, तेही सोव्हिएत रशियात. लंडनला १९४६ साली आलं, राल्फ रिचर्डसन गूल होता. पहिल्या महायुद्धात प्रीस्टली स्वतः लढला आणि जखमी झाला. दुसऱ्यात १९४०च्या उन्हाळ्यात रेडिओवरून दर रविवारी रात्री लोकांशी बोलायचा, आणि युद्धानंतर जुनंच इंग्लंड परत नको हे त्याचं पालुपद. १९४५च्या निवडणुकीत मजूर पक्ष दणक्यात आला. म्हणजे १९१२चा बर्लिंग 'युद्ध होणार नाही' म्हणतो तेव्हा समोर बसलेल्यांनी दोन युद्धं भोगलेली. बर्लिंगचं प्रत्येक वाक्य त्यांच्या कानात आपटत असणार. भाषण येईपर्यंत प्रेक्षक अर्धा इन्स्पेक्टरच झालेला असतो.

तिसरी_घंटा
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला जे ठाऊक आहे आणि पात्रांना नाही, असं साल मला शोधायला हवं. मी आतापर्यंत १९१२च ठेवून नावं तेवढी बदलत होतो, म्हणून ते पोकळ लागत होतं बहुतेक.

सावजी_तर्री
मार्च २०२० घ्या! धरमपेठेतला बंगला, साखरपुडा, आणि मालक म्हणतात, "चीनमधला रोग नागपूरच्या उन्हात टिकणार आहे का बे?" हशा आणि काटा एकदम. २५ मार्चनंतर रस्त्यानं चालत गेलेली माणसं तर सगळ्यांनी पाहिलीत.

तिसरी_घंटा
सावजी, कल्पना जबरी आहे, पण मोबाइल मारतो. जावई टेबलाखाली फोन धरून दोन मिनिटांत शोधून काढेल की या ठाण्यात असा कुणी इन्स्पेक्टर नाही. मूळ नाटकात त्याला त्यासाठी बाहेर फिरायला जावं लागतं, रस्त्यात ओळखीचा सार्जंट भेटावा लागतो. त्या वेळेवरच तिसरा अंक उभा आहे.

सावजी_तर्री
बरं मग जून १९७५. आणीबाणी लागायच्या आदल्या आठवड्यात.

खडू_फळा
नको. आणीबाणीची चाहूल असताना पोलीस दारात आला, तर घरातले लोक त्याच्याकडून माणुसकीचा धडा ऐकतील असं कोण मानेल? एकूणच मला पोलीसच खटकतो. आपल्याकडे बंगल्यात पोलीस आला की मालक त्याला चहा विचारतो, साहेबांशी फोनवर बोलून देतो, आणि तो जातो. बर्लिंगही तेच करू पाहतो, मुख्य पोलीस अधिकारी आपल्याबरोबर गोल्फ खेळतात हे ऐकवतो. गूल ऐकून घेत नाही हा तिथे चमत्कार ठरतो. आपल्याकडे तो थापच वाटेल.

मी शाळेत शिक्षिका होते. २०११च्या जनगणनेला मला दक्षिण नागपुरातला एक भाग दिला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात तो लांबलचक तक्ता, पायात चप्पल झिजलेली. आमच्या नियमात 'कुटुंब' म्हणजे एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे. एका घरात साहेबांनी सांगितलं, पाच माणसं. मी पाच लिहिली. तेवढ्यात तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली. ट्रे धरलेला असा, की ग्लास हलू नये म्हणून जीभ दातात. मी विचारलं, "आणि ही?"

"ही कामाला आहे."

"झोपते कुठे?"

"इथेच. स्वयंपाकघरात."

"जेवते?"

साहेब गप्प. बाईसाहेब म्हणाल्या, "जेवते की. आम्ही काय उपाशी ठेवतो?"

"मग सहा," असं म्हणून मी मुलीला नाव विचारलं. तिनं बाईसाहेबांकडे पाहिलं. बाईसाहेबांनी साहेबांकडे. मी पेन टेकवून बसले होते. शेवटी तिनं नाव सांगितलं. आडनाव विचारलं तर बाईसाहेब पटकन म्हणाल्या, "ते कशाला लागतंय?"

मी काही बोलले नाही. बोलायचा मला अधिकारही नव्हता, माझं काम लिहायचं. पण त्या घरात त्या क्षणी जी हवा झाली होती ती मी विसरले नाही. पोलीस आला असता तर तसं झालं नसतं. तुमच्या बाहेरच्याला इन्स्पेक्टर नका करू. शिरगणतीची बाई करा.

महालचा_मंग्या
मॅडम, तुमच्यापुढे माहा बहुरूपी फेल.

तिसरी_घंटा
मॅडम, अंगावर काटा आला. १९८१ची जनगणना घेतली तर? मोबाइल नाही. आणि १९८१च्या बंगल्यातला गिरणीमालक छाती ठोकून म्हणू शकतो, "अहो, एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू आहे, नागपूर आहे तोवर भोंगा वाजणारच." ती २००२ साली बंद पडली हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक. आता त्या जागेवर मॉल आहे, आणि निम्मा प्रेक्षक तिथे पिक्चर पाहून आलेला असणार.

भोंग्याचं वाक्य लिहूनच टाकलं.

इंदोरा_चौक
धागा पहिल्यापासून वाचतोय. चांगली चर्चा आहे, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

माझे आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ गिरणीत होते. घरी संपाच्या गोष्टी ऐकतच वाढलो. मला हे नाटक आवडतं आणि त्याचा रागही येतो. सगळं नाटक एवा स्मिथचं, आणि ती एकदाही स्टेजवर येत नाही. तिची डायरी इन्स्पेक्टरनं वाचलेली, तिचा फोटो इन्स्पेक्टरच्या खिशात, तिचं दुःख इन्स्पेक्टरच्या तोंडी. पंचवीस शिलिंग मागायला जी बाई मालकासमोर उभी राहिली तिला बोलता येत नव्हतं का? बर्लिंग स्वतः कबूल करतो की ती फार बोलत होती. मग तिच्या वतीनं बोलायला सूटबूटवाला बाहेरचा गृहस्थ का लागतो? कारण समोर बसलेले प्रेक्षक बर्लिंगच्याच वर्गातले. त्यांना आपल्यातल्यासारखा दिसणाराच खडसावू शकतो.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहांची भीती घालून लुबाडतो. तिथेही बाहेरचा एक येतो, पाद्री, आणि तो त्यांना शहाणपण सांगतो. शिवाय विदूषक आहे, तो मध्ये मध्ये जोशाचे वाभाडे काढतो. पण शेवट बघा. तो पाद्री निघून गेल्यावर कुणबी जोडपं हातावर हात धरून बसत नाही. ते दोघं स्वतः फुल्यांच्या शाळेत शिकायला निघतात. पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीनं नाटक नाकारलं यात नवल नाही. पुढे गाण्यानाट्यातून लोकांना जागं करणारे सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे. तिथे तर बाहेरचा लागलाच नाही, सांगणारे आणि ऐकणारे एकाच वस्तीतले.

बर्लिंगच्या घरात शेवटी कोण बदललं? मालकाची पोरं. एवा मेली ती मेलीच. म्हणून तुमच्या गूलला जेवढी टाळी पडेल तेवढी ती तिच्या खिशातून काढलेली आहे, हे लक्षात ठेवून दिग्दर्शन करा एवढंच म्हणणं.

वाचनवेडी
इंदोरा_चौक, पटलं, थोडं भांडतेही. एवा स्टेजवर आली असती तर ती एक विशिष्ट मुलगी झाली असती, तिचा आवाज, तिचं रूप. न आल्यामुळे प्रत्येक प्रेक्षक तिच्या जागी आपल्या ओळखीची कुणीतरी बसवतो. एलकुंचवारांच्या 'पार्टी' नाटकात अमृत नावाचा कवी तसाच. आदिवासींमध्ये काम करायला गेलेला, पार्टीत येत नाही, पण सगळे त्याच्याचबद्दल बोलतात आणि बोलता बोलता स्वतः उघडे पडतात. तिथे तर मध्ये इन्स्पेक्टरही नाही.

इंदोरा_चौक
अमृत निवडून गेला होता ताई. एवाला घालवलं गेलं.

वाचनवेडी
🙏 हं. हे तोललं पाहिजे.

तिसरी_घंटा
दोन दिवस तालमीत होतो. एक प्रसंग घडला, तो सांगतो, मग शिव्या द्या.

नाटकात फोटोची एक युक्ती आहे. इन्स्पेक्टर फोटो एका वेळी एकालाच दाखवतो. त्यामुळे सगळ्यांना एकाच मुलीचा दाखवला की वेगवेगळ्या, हे शेवटपर्यंत कळत नाही. प्रेक्षकाला तर तो दिसतच नाही. तालमीत आम्ही फोटोच्या जागी एक जुनी लग्नपत्रिका वापरायचो. शीला करणारी मुलगी पत्रिकेकडे बघून दचकायची, आणि ते दचकणं मालिकेतलं वाटायचं. म्हणून परवा मी पत्रिकेच्या जागी खरा फोटो ठेवला. जिथे तालीम करतो त्या सभागृहात रोज संध्याकाळी झाडायला येणाऱ्या मावशींचा. मोबाइलवर काढला होता, प्रिंट मारून आणला.

काकांनी फोटो पुढे केला. शीलानं पाहिला. आणि ती थांबली. दचकली नाही, नुसती थांबली. "अरे, या तर..." एवढं म्हणाली आणि नाव आठवेना. तिनं आमच्याकडे पाहिलं. अकरा जण होतो. दोन महिने रोज ती बाई आमच्या पायाखालून झाडू मारतेय, एकालाही नाव सांगता आलं नाही. प्रवेश तिथेच संपला, नंतर चहाही कुणी घेतला नाही.

इंदोरा_चौक
फोटो काढताना मावशींना विचारलं होतं?

तिसरी_घंटा
नाही.

इंदोरा_चौक
वा. म्हणजे इन्स्पेक्टरही तुम्ही आणि बर्लिंगही तुम्हीच.

सावजी_तर्री
🍿

महालचा_मंग्या
सावजी, गप रे.

तिसरी_घंटा
इंदोरा_चौक, बरोबर आहे तुमचं. उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण आधी मावशींशी बोलायचं होतं.

काल लवकर गेलो. फोटो दाखवला, काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "माहा फोटो कायले काढला असा? पदर तरी नीट घेतला असता." मग खुर्ची ओढून बसल्या आणि तालीम पाहिली, पूर्ण. पहिल्यांदाच. मध्ये उठून दोनदा पंखा कमी केला, कारण आम्ही लावतो तो त्यांच्या मते उगाच. शेवटचं भाषण चालू असताना त्यांनी पायाशी पडलेले सेफ्टी पिना वेचून डबीत भरल्या. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, "तो मानूस इतकं बोलला, पन पोरीचं खरं नाव कोन्तं ते त्याले बी नाही मालूम."

त्या रात्री झोप नाही लागली. खरंच आहे. कारखान्यात ती एवा स्मिथ, बारमध्ये डेझी रेन्टन, आणि संस्थेच्या दारात तिनं नाव सांगितलं मिसेस बर्लिंग.

खडू_फळा
आणि त्याच नावामुळे आईचं, म्हणजे सिबिल बर्लिंगचं डोकं फिरलं! आमचं आडनाव लावायची हिची हिंमत कशी झाली, म्हणून मदत नाकारली. मुलीनं आडनाव उगाच लावलं नव्हतं, पोटात त्याच घराचं मूल होतं. "ते कशाला लागतंय?" आठवलं मला.

इंदोरा_चौक
मग रूपांतराचा कणा तुम्हाला मिळाला. आडनाव. आपल्याकडे माणूस 'बाहेरचा' राहतो कुठवर? आडनाव सांगेपर्यंत. सांगितलं की जात कळली, पोटजात कळली, गाव कळलं, झाला तो कुणाचा तरी आतला. इंग्लंडात गूल हे आडनाव सांगूनही तो कोडं राहू शकतो. नागपुरात तुमच्या शिरगणतीवाल्यानं आडनाव सांगितलं की पुढचे दोन तास प्रेक्षक त्याचं प्रत्येक वाक्य त्या आडनावातून ऐकणार. वरचं असलं तर 'मोठ्या मनाचा' म्हणणार. आमच्यातलं असलं तर 'हा बोलणारच असं' म्हणणार. दोन्हीकडे बर्लिंग सुटला.

तिसरी_घंटा
हे आज तालमीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. काका ऐकत होते. म्हणाले, प्रवेश पुन्हा घेऊ.

बर्लिंग (आमचे आता देशमुखसाहेब नाहीत, त्यांचंही आडनाव काढून टाकलं, नुसते 'साहेब') पानाचा डबा पुढे करतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "बसा. आडनाव काय म्हणालात?" काकांनी तक्ता उघडला, पेनाचं टोपण काढून मागे लावलं, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "घरात किती माणसं?"

साहेब करणारा आमचा गडी थोडा गडबडला. स्क्रिप्टबाहेर गेला. "नाही, म्हणजे, मूळ गाव कोणतं तुमचं?"

काका: "एका चुलीवर जेवणारी."

तिकीट तपासताना प्रवासी ओळख सांगायला लागला की टीसी जसा नुसता हात पुढे धरून उभा राहतो ना, अगदी तसं. काका नंतर म्हणाले, गाडीत हेच करायचो. लोक म्हणायचे अमुक साहेब माझे मेव्हणे. मी म्हणायचो, तिकीट.

'मी कोण' हा प्रश्न त्यांनी त्यानंतर विचारलेला नाही. बाई करावी हा मॅडमचा आग्रह मला पटतो, पण काकांना आता काढवत नाही. माफ करा.

खडू_फळा
केलं माफ. चष्म्याची दोरी मात्र गळ्यात असू द्या. आणि पेन दोन ठेवा, एक हमखास बंद पडतं.

वाचनवेडी
आणि भाषणाचं काय ठरलं?

तिसरी_घंटा
ठेवतोय, पण चौथाई. वडसेकरांचं मन राखून 😀 काका उभं राहून म्हणणार नाहीत. तक्त्यातला शेवटचा रकाना वाचता वाचता बोलतील, बेरीज केल्यासारखं. २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी असते, असं मॅडमनी २०११चं सांगितलं ना फोनवर, त्याचा आधार घेतलाय. इथून निघाल्यावर मला रस्त्यावरची माणसं मोजायची आहेत, म्हणतात आणि जातात.

वडसेकर
चौथाई त चौथाई. पन आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे भाऊ. आमच्याकडे माईक नसला तरी जाते.

सावजी_तर्री
'गूल' नाव मात्र घालवू नका राव. बत्ती गुल! तो जातो तेव्हा लाइटच घालवा.

तिसरी_घंटा
नाव तर उडालंच आता, पण बत्ती गुलचं लाइटवाल्याला सांगतो. मूळ नाटकात उलटं आहे. तो येईपर्यंत गुलाबी, मऊ उजेड आणि तो आला की लख्ख, कडक. आमच्याकडे कडक उजेडाची सोय आहे, गुलाबीचीच बोंब आहे.

मावशींनी फोटोला परवानगी दिली आहे, पण तो नाही. नवा काढून घेतला, स्टुडिओत, त्यांच्या नातीसोबत. त्याची एक प्रत त्यांच्याकडे, एक काकांच्या तक्त्यात. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, तालमीत सगळ्यांना पाठ आहे.

आता एकच अडलंय. दार. १९८१च्या बंगल्यात इलेक्ट्रिकची घंटा असणारच, पण ती वाजली की हसू येतं, कुल्फीवाला आल्यासारखी वाटते. लाइट गेलेत असं दाखवून कडी वाजवायची म्हणतोय. बाजारातल्या नव्या कड्या टिणटिण करतात. जुन्या दाराची जड कडी कुणाकडे असेल तर सांगा, प्रयोग झाला की परत.

महालचा_मंग्या
आहे. वाडा पाडला तेव्हा दार भंगारवाल्याले दिलं, कडी ठेवून घेतली. पितळी आहे, आजीनं चिंचेनं घासलेली. तोच दरवाजा ज्यावर बहुरूपी दंडुका मारे. रविवारी सकाळी या, दहाच्या आत, मग मी पोहे आणायले जातो. दाराची फळी तुमची तुम्ही शोधा, सागवानीच पाहिजे, प्लायवूडवर तिचा आवाज निघत नाही.